माउरित्सहाउस: दोन तासांत काय पाहावं, कसं पाहावं

नेदरलँड्समधल्या हेग शहरातलं माउरित्सहाउस हे चित्रसंग्रहालय एका सकाळीत पाहून होतं. दोन मजले, सोळा दालनं आणि भिंतींवर साधारण दोनशे चित्रं, एवढाच पसारा. सतराव्या शतकातल्या डच चित्रकलेचा इतका वेचक संग्रह इतक्या लहान जागेत दुसरीकडे सापडणं कठीण. तरीही बरेच जण इथे येतात, व्हर्मीर या डच चित्रकाराच्या ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ या चित्राचा फोटो काढतात आणि पाऊण तासात बाहेर पडतात. काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि प्रत्येक चित्र पाहायचंच म्हणून कंबर कसतात. दोनशे चित्रांना दोन तास वाटले तर एकेकाच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात, आणि त्यातले निम्मे पाटी वाचण्यात जातात. त्यापेक्षा दहा-बारा चित्रं आधीच निवडावीत, प्रत्येकाला पाच ते दहा मिनिटं द्यावीत आणि बाकीची जाता-येता दिसतील तशी पाहावीत.

तिकीट आणि वार

मंगळवार ते रविवार सकाळी १० ते संध्याकाळी ६ आणि सोमवारी दुपारी १ ते ६, अशा वेळा आहेत. सोमवारची ही वेळ न बघता सकाळी येऊन दारात ताटकळणारे पुष्कळ असतात. तिकीट संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून वेळ निवडून काढावं. मोठ्यांना साधारण २० युरो पडतात, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. नेदरलँड्समध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांनी वार्षिक म्युझियमकार्ट घ्यावं. वर्षात चार-पाच मोठी संग्रहालयं झाली की त्याचे पैसे वसूल होतात. अ‍ॅमस्टरडॅमचं पर्यटक कार्ड मात्र इथे चालत नाही. शहरच वेगळं आहे.

वेळ निवडताना सकाळी दहाचीच घ्यावी. अ‍ॅमस्टरडॅमहून येणारे गट अकराच्या सुमारास पोचू लागतात, आणि मग व्हर्मीरच्या दालनात माणसांच्या डोक्यांवरून चित्र बघावं लागतं. सकाळ जमत नसेल तर दुपारी चारनंतर यावं.

तिकीट काढण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची: तुम्हाला हवं ते चित्र त्या दिवशी तिथे आहे का? संग्रहालयं एकमेकांना चित्रं उसनी देतात. २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या व्हर्मीर प्रदर्शनासाठी ती मोत्याच्या डूलवाली मुलगी काही आठवडे तिकडे होती. २०२६ मध्ये ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरच्या बऱ्याच काळापर्यंत माउरित्सहाउस दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं आणि ती ओसाकाला पाठवायची, असं ठरलं आहे. उसनं गेलेलं किंवा दुरुस्तीला काढलेलं चित्र संकेतस्थळावर कळतं. दारात कळून उपयोग नसतो.

पोचायचं कसं

रेल्वेच्या फलकावर ‘हेग’ शोधू नका, तिथे ‘डेन हाग’ असतं. डेन हागची मुख्य स्टेशनं दोन, सेंट्राल आणि हॉलंड्स स्पोर. अ‍ॅमस्टरडॅमहून रॉटरडॅमकडे जाणाऱ्या काही गाड्या फक्त हॉलंड्स स्पोरला थांबतात. तिथून चालत वीसेक मिनिटं लागतात, सेंट्रालहून दहा. अ‍ॅमस्टरडॅमहून गाडीचा वेळ सुमारे ५० मिनिटं, स्खिपोल विमानतळावरून अर्ध्या तासाच्या आसपास.

वेगळं तिकीट काढायची गरज नाही. संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकाला टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर तेच कार्ड टेकवून बाहेर पडायचं. चुका इथेच होतात. दोघांनी मिळून एक कार्ड वापरता येत नाही, माणशी एक कार्ड लागतं. जाताना फोनमधलं कार्ड टेकवलं आणि येताना प्लास्टिकचं, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं, तर रेल्वेचे २० युरो कापले जातात. काही लहान स्टेशनांवर फाटक नसतं, नुसता खांब असतो, त्यामुळे तिथे हे हमखास विसरतं.

मोठी बॅग सेंट्राल स्टेशनच्या लॉकरमध्येच ठेवा. संग्रहालयातले लॉकर पाठपिशवी, कोट, छत्री यांच्यापुरते आहेत.

आत शिरताना

दार चटकन सापडत नाही, कारण प्रवेश वाड्याच्या दर्शनी दरवाजातून नाही. लोखंडी फाटकातून अंगणात यायचं आणि तिथून जिन्याने किंवा काचेच्या लिफ्टने खाली उतरायचं. २०१२ ते २०१४ च्या नूतनीकरणात रस्त्याखालून खोदून हा वाडा समोरच्या इमारतीला जोडला. तिकीट तपासणी, लॉकर, स्वच्छतागृह, दुकान हे सगळं त्या तळघरात आहे. वाड्यात पुन्हा स्वच्छतागृह शोधत फिरावं लागू नये म्हणून इथेच मोकळं होऊन वर जावं. वर जायला जिना आणि लिफ्ट दोन्ही आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आई-आजींना अडचण येत नाही.

फ्लॅश बंद ठेवून फोटो काढायला परवानगी आहे. सेल्फीची काठी आणि ट्रायपॉड चालत नाही. पाठपिशवी आत नेता येत नाही, आणि त्यात पहारेकऱ्यांचा खडूसपणा काही नाही. दालनं लहान आहेत, वळताना पाठीवरचं ओझं चित्राला कधी लागलं हे आपल्याला कळतही नाही. एखादा बारकावा दाखवायला चित्राकडे बोट किंवा पेन नेलंत तर लगेच टोकतील. हात मागे बांधून वाकायची सवय लावून घ्यावी, तसं करून बरंच जवळ जाता येतं.

वाड्याचा इतिहास थोडक्यात असा. योहान माउरित्स हा डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलचा गव्हर्नर. त्याच्यासाठी १६३३ ते १६४४ या काळात याकोब फान कांपेन या वास्तुरचनाकाराने हे घर बांधलं. ब्राझीलमधला पैसा उसाचा होता आणि ऊस गुलामांच्या कष्टावर पिकत होता. लोक या घराला त्या काळी साखरेचा वाडा म्हणत. १७०४ च्या आगीत आतलं सगळं जळालं, बाहेरच्या भिंती तेवढ्या मूळच्या. १८२२ पासून इथे संग्रहालय आहे. संग्रहालय हा इतिहास झाकून ठेवत नाही. त्याची माहिती आतही मांडलेली आहे आणि वाचण्यासारखी आहे.

आधी वरचा मजला

दालनांना क्रमांक आहेत, पण पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. दहाच्या ठोक्याला आत आलात की सरळ वरच्या मजल्यावर, पंधराव्या दालनात जा. व्हर्मीर साधारणपणे तिथेच असतो. पहिली वीस मिनिटं दालन बऱ्यापैकी मोकळं मिळतं. तिथून निघून वरचाच मजला उलट क्रमाने करावा आणि खालचा शेवटी.

‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र ४४.५ × ३९ सेंटिमीटरचं आहे. पोस्टरं आणि उशांचे अभ्रे पाहून आलेल्यांना ते अपेक्षेपेक्षा लहान वाटतं. साल सुमारे १६६५. आधी दोन मीटरवरून पाहा, मग जमेल तेवढं जवळ जा. जवळून पाहायची पहिली गोष्ट डूल. त्याला कडी नाही, आकडा नाही, मोत्याची कडाही रेखलेली नाही. वर डावीकडे जाडसर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचा मऊ उजेड, एवढ्या दोन फटकाऱ्यांवर मोती उभा आहे. मग नाक बघा. नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही, दोन्हीकडे एकच रंग वाहतो. नाक कुठे संपलं हे आपला डोळा ठरवतो. ओठांच्या कोपऱ्यात गुलाबीसर एक बारीक ठिपका आहे, ओठ ओले दिसतात ते त्यामुळे.

फेट्याचा निळा रंग लाजवर्द दगडाच्या भुकटीचा. हा दगड आजच्या अफगाणिस्तानातून यायचा आणि त्या काळच्या महागड्या रंगांत मोडायचा. मागची पार्श्वभूमी आज काळी दिसते, पण मुळात तिथे हिरवा पडदा होता. नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा यांच्या पातळ थरातून तो हिरवा तयार केला होता आणि काळाच्या ओघात तो उतरला. २०१८ मध्ये दालनातच, लोकांसमोर केलेल्या तपासणीत हे निघालं. पापण्यांचे बारीक केसही त्याच वेळी सापडले. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, उगाच शोधत बसू नये.

ही मुलगी कोण, असा प्रश्न सगळेच विचारतात. हे व्यक्तिचित्र नाहीच. चेहऱ्याचा एखादा भाव किंवा एखादा पेहराव रंगवून पाहण्यासाठी काढलेल्या अशा चित्रांना डच लोक ‘ट्रोनी’ म्हणत. १८८१ मध्ये हेगमधल्याच एका लिलावात आर्नोल्डस देस तोंब या संग्राहकाने हे चित्र दोन गिल्डर (जुनं डच चलन) तीस सेंटांना घेतलं आणि मरताना संग्रहालयाला देऊन टाकलं.

चित्रावर काच आहे. समोर कोणी पांढऱ्या शर्टात उभं असेल किंवा फोनचा पडदा उजळ असेल, तर ते काळ्या भागात दिसतं. पाऊलभर डावीउजवीकडे सरकलं की प्रतिबिंब निघून जातं. फोटोचा नाद करायचाच असेल तर एक काढा आणि फोन खिशात ठेवा. याच चित्राचा कितीतरी चांगला फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मिळतो.

आता पाठ वळवा. समोरच्या भिंतीवर व्हर्मीरचंच ‘डेल्फ्टचं दृश्य’ आहे, जवळच्या डेल्फ्ट शहराचं, सुमारे १६६०-६१ चं, आणि पारखी नजरेला हे चित्र त्या मुलीपेक्षा सरस वाटलं तर नवल नाही. गर्दी मात्र मुलीकडे तोंड करून असल्याने इथे जागा मिळते. पूर्ण दृश्य बसायला तीन-चार मीटर मागे जावं लागतं. इथे अलीकडचं पाणी आणि तटबंदी ढगाच्या सावलीत आहे आणि ऊन पडलंय ते मागच्या छपरांवर आणि नव्या चर्चच्या मनोऱ्यावर. त्यामुळे नजर आपोआप शहराच्या आत शिरते. आता जवळ या. डावीकडच्या लाल कौलांचा पृष्ठभाग खरखरीत आहे, मुद्दाम तसा केलेला. उजवीकडच्या होडीच्या काळ्या बाजूवर उजेडाचे ठिपके आहेत. जवळून ते नुसते ठिपके, मागे गेलं की ओलं लाकूड. हे चित्र १८२२ मध्ये २,९०० गिल्डरना घेतलं होतं. वरच्या दोन गिल्डर तीस सेंटांशी ताडून पाहा.

रेम्ब्रांट, पक्षी आणि बैल

नवव्या-दहाव्या दालनांकडे रेम्ब्रांट आहे. ‘डॉक्टर टुल्पचा शरीररचनेचा धडा’ त्याने १६३२ मध्ये, पंचविशीत काढला. अ‍ॅमस्टरडॅमच्या शल्यवैद्यांच्या संघाने पैसे देऊन काढून घेतलेलं हे सामूहिक चित्र आहे. त्या काळच्या अशा चित्रांत माणसं शाळेच्या वर्गफोटोसारखी रांगेने बसवत. रेम्ब्रांटने त्यांची त्रिकोणी गर्दी केली आणि प्रत्येकाला वेगळीकडे बघायला लावलं. कोण कुठे बघतंय याचा एकदा माग काढा: कोणी हाताकडे, कोणी पायथ्याशी उघडलेल्या जाड ग्रंथाकडे, कोणी थेट आपल्याकडे. टुल्पच्या उजव्या हातातल्या चिमट्यात बोटं वाकवणारे स्नायू आहेत, आणि ते स्नायू काय करतात हे तो डाव्या हाताची बोटं वाकवून दाखवतोय. हे लक्षात आलं की चित्र जिवंत होतं. टेबलावर आरिस किंट आहे, दरोड्यासाठी फाशी दिलेला गुन्हेगार. त्याच्या चेहऱ्यावर अर्धी सावली टाकलेली आहे.

त्याच्याजवळ १६६९ चं आत्मचित्र शोधा. हे रेम्ब्रांटच्या मृत्यूच्या वर्षाचं. दोन चित्रांमध्ये सदतीस वर्षं आहेत आणि रंग लावण्यातला फरक दोन मीटरवरूनही कळतो. टुल्पचा चेहरा गुळगुळीत आहे, म्हाताऱ्या रेम्ब्रांटच्या गालांवर रंग थापलेला, जाड, ओबडधोबड. बाजूने तिरकं पाहिलं तर त्याचे उंचवटे दिसतात.

‘शौल आणि दावीद’ समोर आलं तर त्याचे सांधे बघा. हा कॅनव्हास कधीकाळी कापला गेला, आणि आज जे दिसतं ते पंधरा तुकड्यांचं आहे. बराच काळ हे रेम्ब्रांटचं नाही असं मानत. आठ वर्षांच्या दुरुस्ती-तपासणीनंतर २०१५ मध्ये संग्रहालयाने ते पुन्हा त्याच्या नावावर चढवलं.

कारेल फाब्रिटियसचा ‘गोल्डफिंच’ केवळ ३३.५ × २२.८ सेंटिमीटरचा. साखळीने बांधलेला पाळीव पक्षी, भिंत आणि त्याची सावली. आधी लांबून पाहा, म्हणजे पक्षी खराच बसलाय असं वाटेल. मग जवळून पंखावरची पिवळी पट्टी पाहा. तिथे ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढलेत. चित्र १६५४ चं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्टमध्ये दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि फाब्रिटियस त्यात गेला. त्याची फार थोडी चित्रं उरली आहेत, म्हणून इथे घाई नको.

पाउलस पॉटरचा ‘बैल’ सुमारे साडेतीन मीटर रुंद आहे. पॉटर तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या कोणा शेतकऱ्याला हे चित्र दाखवलं तर तो लगेच खोड काढेल: शिंगं, दात, खांदे हे एका वयाच्या जनावराचे नाहीत. खरंच नाहीत. वेगवेगळ्या जनावरांची निरीक्षणं त्याने एकत्र केली. सुरुवातीला कॅनव्हासवर फक्त बैल होता, मग बाजूंना आणि वर पट्ट्या जोडून चित्र वाढवलं. त्यांचे जोड अजून ओळखता येतात. अंगावरच्या माश्या, ताजं शेण, पुढचा बेडूक, आकाशातला चंडोल हे शोधायला मुलांना लावा. मुलं एवढा वेळ एका चित्रासमोर थांबणं एरवी अवघडच.

यान स्टेनच्या मोठ्या कौटुंबिक चित्रात म्हातारी कागदावरून एक म्हण वाचून दाखवतेय. आपल्याकडची ‘खाण तशी माती’ तिथे चपखल बसते. हसत हसत लहान पोराला पाइप ओढायला शिकवणारा माणूस म्हणजे खुद्द स्टेन. त्याचंच ‘शिंपले खाणारी मुलगी’ तळहातापेक्षा फार मोठं नाही, २०.५ × १४.५ सेंटिमीटर, आणि सहज नजरेतून निसटतं.

वस्तू, फुलं, आभाळ

स्थिरचित्रांपाशी लोक थांबत नाहीत. एका चित्रापाशी तरी थांबा: क्लारा पेटर्सचं चीज, बदाम आणि बिस्किटांचं, सुमारे १६१५ चं. सुरीच्या मुठीवर तिने आपलं नाव घातलंय, आणि सुरईच्या झाकणात तिचा स्वतःचा चेहरा इवलासा उमटलाय. अम्ब्रोसियस बॉसखार्टच्या फुलदाणीतली फुलं एका ऋतूत कधीच फुलत नाहीत, त्याने ती वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासचित्रांवरून जुळवली. खिडकीच्या कठड्यावरचे शिंपले दूरच्या समुद्रांतले. असला माल आणणाऱ्या जहाजांच्या जाळ्यातच डच ईस्ट इंडिया कंपनी होती, जिच्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्याला आजही उभे आहेत.

याकोब फान राउसदालच्या हार्लेमच्या चित्रात खाली गवतावर कापड पांढरं करायला पसरलंय, आणि वरचा दोन तृतीयांश भाग नुसतं आभाळ. जमीन सपाट असलेल्या देशातल्या चित्रकाराला दुसरं करायचं तरी काय होतं!

खालच्या मजल्यावर फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातली) चित्रं आणि सोनेरी दालन आहे. आगीनंतर, १७१८ मध्ये, पेलेग्रिनी या इटालियन चित्रकाराने ते सजवलं. वीस मिनिटं पुरतात. त्यातली दहा रूबेन्स आणि यान ब्रूगेल यांनी मिळून काढलेल्या ‘नंदनवना’ला द्या. माणसं, त्यांच्याजवळचं झाड, साप आणि घोडा रूबेन्सचे, बाकीची झाडं-जनावरं ब्रूगेलची, हा फरक पाच मिनिटांत ओळखू येतो.

पाट्या वाचताना

पाट्या डच आणि इंग्रजीत असतात. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर चित्र त्याचंच मानलं जातं. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्याचं असावं, पण खात्री नाही. ‘वर्कशॉप ऑफ’ म्हणजे त्याच्या कारखान्यातल्या शिष्यांचं, कदाचित त्याच्या देखरेखीखालचं. ‘आफ्टर’ म्हणजे मूळ चित्रावरून दुसऱ्या कोणी केलेली नक्कल. सालाआधीचं ‘सी.’ म्हणजे सुमारे. चित्र आधी आणि पाटी नंतर, हा क्रम पाळला तर डोळे काम करतात.

दीड तासानंतर सगळी चित्रं सारखीच तपकिरी दिसू लागतात. तेव्हा खाली उतरून चहा-कॉफी घ्यावी किंवा खिडकीतून बाहेरचं तळं बघत बसावं, आणि मग एकाच आवडलेल्या चित्राकडे परत जावं.

त्याच दिवशी आणखी काही

तळ्याच्या पलीकडे बाउटनहोफवर राजपुत्र विल्यम पाचवा याचं चित्रदालन आहे, १७७४ चं. तिथे जुन्या पद्धतीने चित्रं जमिनीपासून छतापर्यंत खेटून टांगली आहेत. माउरित्सहाउसच्या तिकिटात ते येतं, पण ते दुपारीच उघडतं आणि सोमवारी बंद असतं. मधल्या बिनेनहोफ या संसदेच्या आवारात २०२१ पासून मोठी दुरुस्ती चालू आहे, तेव्हा आतून जायच्या भानगडीत न पडता तळ्याला वळसा घालून जावं.

डेल्फ्ट रेल्वेने पाव तासावर आहे आणि तिथल्या तंत्रविद्यापीठामुळे मराठी विद्यार्थीही पुष्कळ. होइकाडे या धक्क्यावर उभं राहिलं की व्हर्मीरच्या दृश्याची जागा कळते. तटबंदी आणि वेशी गेल्या, नव्या चर्चचा मनोरा आहे.

आणि शिवाजी महाराजांचं ते प्रसिद्ध डच संग्रहातलं चित्र? मराठी माणूस हेगमध्ये हमखास विचारतो, पण ते इथे नाही. १६८० च्या दशकात गोवळकोंड्याच्या शैलीत काढलेलं ते चित्र वित्सेन या डच मुत्सद्द्याच्या चित्रसंग्रहात आहे, आणि तो संग्रह अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे. कागदावरचे रंग उजेडाने उतरतात, म्हणून अशी चित्रं कायम मांडून ठेवत नाहीत. ते बघायला म्हणून अ‍ॅमस्टरडॅमचं तिकीट काढण्याआधी राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे संग्रहातल्या चित्रांच्या मोठ्या प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात.